सणाच्या जेवणाचं टेबल: सजावटीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दिवाळीच्या आधी आठवडाभर माझ्या फोनवर टेबलांचे फोटो यायला लागतात. खाली एकच ओळ: "बघ गं, काय कमी वाटतंय?" बहुतेक वेळा कमी काहीच नसतं, उलट दोन-तीन वस्तू उचलून आत ठेवाव्यात असं वाटतं. पाडवा, भाऊबीज, दिवाळसण, केळवण, डोहाळजेवण अशा घरच्या आणि शेजारच्या जेवणांची मांडामांड मी बरीच वर्षं हौसेने करते आहे. त्यात जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात ते इथे एकत्र केलेत. उत्तरं फ्लॅटमधल्या सहा खुर्च्यांच्या टेबलाला धरून आहेत. तुमच्याकडे बंगला आणि बारा खुर्च्या असतील तर तुम्ही सुखी आहात.

सुरुवात कशापासून करायची? कापड, फुलं की दिवे?

रिकाम्या ताटांपासून. जेवढी माणसं तेवढी ताटं आदल्या दिवशी टेबलावर मांडा, वाट्या-ग्लासांसकट, आणि मग उरलेली जागा बघा. ती फार नसते. सहा जणांचं टेबल साधारण ५ फूट लांब आणि ३ फूट रुंद. जेवणाचं ताट १२ इंचांचं. कडेपासून इंचभर आत अशी दोन ताटं समोरासमोर ठेवली की ३६ इंचांतले २६ गेले. उरलेल्या १० इंचांत तुपाचं भांडं, पोळ्यांचा डबा, लोणचं आणि पाण्याचा जगही बसवायचा आहे. म्हणजे सजावटीला मधली पाच-सहा इंचांची पट्टी मिळते. आडव्या बाजूला माणशी दोन फूट सोडा. त्यापेक्षा कमी ठेवलंत तर डावखुऱ्या माणसाचं कोपर शेजाऱ्याच्या आमटीत जातं.

हे मोजमाप एवढं लावून धरते त्याला कारण आहे. नेटवर जी देखणी टेबलं दिसतात, ती काटा-चमच्याच्या जेवणाची असतात. तिथे समोर एक बशी, तिच्यात एका वेळी एकच पदार्थ, म्हणून सगळी शोभा मधोमध उंच उभी करायला मोकळीक असते. आपल्याकडे एकेका ताटात दहा-बारा पदार्थ, आणि ते वाढायला कुणीतरी हातात पातेलं आणि डाव घेऊन मागून फिरतंय, खांद्यावरून वाकतंय, "अजून एक पुरणपोळी" म्हणून आग्रह करतंय. त्या आग्रहाच्या हाताला जागा हवी. आधी ती राखायची आणि मग फुलं आणायची.

मग मधोमध काय ठेवायचं?

बसकं, लांबट आणि सहज उचलता येईल असं काहीही. समोरच्या माणसाचा चेहरा दिसला पाहिजे. त्यासाठी मी वीतभर उंचीची मर्यादा पाळते. झेंडूची एक सरळ माळ आणि तिच्या दोन्ही बाजूंना आंब्याची पानं, एवढ्यानेही टेबल सणाचं दिसतं.

घरात आजीच्या वेळचं पितळी घंगाळ असेल तर काय विचारता! केरळातल्या उरळीसाठी लोक बरेच पैसे मोजतात आणि स्वतःचं घंगाळ माळ्यावर पडलेलं असतं. मात्र मोठं घंगाळ जेवणाच्या टेबलावर ठेवू नका, जागाच उरणार नाही. ते दारात किंवा दिवाणखान्यातल्या चौरंगावर शोभतं. निम्म्याला पाणी, वर शेवंती आणि तरंगते दिवे. टेबलावर त्याचंच लहान रूप म्हणून एखादा परातीसारखा पसरट वाडगा चालेल.

ताटात जेवायला द्यायचं की केळीच्या पानावर?

पान असेल तर निम्मी सजावट तिथेच झाली. त्या हिरव्या रंगाशी पांढरा भात, पिवळं वरण आणि लाल लोणचं जसं उठून दिसतं तसं दुसऱ्या कशावर दिसत नाही. पण पानाची नीट तयारी करावी लागते.

बाजारातून आणलेली पानं गुंडाळलेलीच ठेवा, ओल्या फडक्यात. धुवायची जेवणाच्या दिवशी, आणि देठाकडून टोकाकडे पुसायची. उलटं पुसलं तर शिरेला धरून फाटतात. पान ताठ असेल आणि टेबलावर बसत नसेल तर मागची बाजू गॅसच्या मंद आचेवरून झपकन फिरवा. रंग गडद होतो, चकाकी येते आणि पान मऊ पडतं. मधली जाड शीर मागून सुरीने थोडी तासली की पान सपाट बसतं. हे केलं नाही तर आमटी उताराला लागते, आणि तो उतार नेमका पाहुण्यांच्या मांडीकडे असतो.

मांडताना पानाचं अग्र, म्हणजे निमुळतं टोक, जेवणाऱ्याच्या डाव्या हाताला. अख्खं पान टेबलावर मावणार नाही. दीड-दोन फुटांचा तुकडा पुरे. पाच फुटांच्या टेबलावर एका बाजूला दोनच पानं बसतात, तिसरं कोंबू नका.

मोठी पानं मिळाली नाहीत तर असलेल्या पानातून ताटाच्या मापाचा गोल कापून ताटात बसवा. जेवणाऱ्याला आनंद तोच आणि रस सांडायची भीती नाही. खरं तर टेबलासाठी मला हीच पद्धत जास्त आवडते. छापील केळीच्या पानाच्या कागदी ताटांबद्दल न बोललेलं बरं.

पान कसं वाढायचं? कुठला पदार्थ कुठे?

हा सजावटीचाच प्रश्न आहे, आणि माझ्या मते सगळ्यांत महत्त्वाचा. वर मधोमध मीठ, ते सगळ्यांत आधी. त्याच्या डावीकडे लिंबाची फोड, चटण्या, लोणचं, कोशिंबीर, खाली पापड-भजी. उजवीकडे भाज्या, उसळ, आमटीची वाटी, गोड. समोर मधे भाताची मूद, तिच्यावर वरण आणि वर तूप. घराघरांत थोडा फरक असतो. कुणाकडे गोड आधी वाढतात, कुणाकडे पुरण डावीकडे. तुमच्या घरची रीत असेल ती धरा, पण सहाही पानांवर सारखी धरा. डावीकडे चवीपुरतं खायच्या गोष्टी आणि उजवीकडे पोटभर खायच्या, हे त्यामागचं साधं गणित.

आता रंगांकडे बघा. ओल्या नारळाची पांढरी चटणी, तिच्याशेजारी बिटाची कोशिंबीर, मग आंब्याचं लोणचं. दोन हिरवे किंवा दोन पिवळे पदार्थ शेजारी आले तर पान फिकं वाटतं. बेत ठरवतानाच हा विचार केला तर फुलांवरचा खर्च कमी होतो. बटाट्याची पिवळी भाजी, पिवळं वरण, पिवळा मसालेभात आणि वर बासुंदी हा बेत चवीला कितीही उत्तम असला तरी फोटोत सगळं एकाच डब्यातलं दिसतं. बटाट्याऐवजी भरली वांगी करा, किंवा निदान कोशिंबीर टोमॅटोची करा.

मूद पाडायला छोटी वाटी तुपाचं बोट लावून वापरा. मूद नीट पडली की जेवणाऱ्याच्या चेहऱ्यावर आधी हसू येतं आणि मग हात पुढे येतो.

पाण्याचा ग्लास कुठल्या बाजूला?

डावीकडे. परदेशी पद्धतीच्या चित्रांत तो उजवीकडे असतो, कारण त्यांचे दोन्ही हात कोरडे असतात. आपला उजवा हात खरकटा असतो. पितळी फुलपात्र ठेवलंत तर त्याच्याखाली विड्याचं पान ठेवा. डागही पडत नाही आणि दिसतंही छान.

महिरप म्हणजे नक्की काय, आणि टेबलावर ती चालते का?

ताटाभोवती मांडायची नक्षीदार कमान म्हणजे महिरप. शब्द मेहराबवरून आला. वाड्यांमधल्या लाकडी कमानी आठवा, त्यांनाही महिरपी म्हणतात. शाळेत गणिताच्या तासाला भेटणारा महिरपी कंसही त्याच आकाराचा. रुखवतात मण्यांच्या, लोकरीच्या, सुपारीच्या, डाळींच्या महिरपी अजूनही मांडतात. ओवाळायला बसणाऱ्याच्या किंवा नैवेद्याच्या ताटाभोवती ती घालतात.

टेबलावर जरूर चालते, फक्त ती अर्धवर्तुळाची हवी. ताटाच्या वरच्या बाजूने फिरणारी आणि पुढून मोकळी. पूर्ण गोल केलीत तर खाली वाकणाऱ्याच्या बाहीत अडकते. रुंदी दीड-दोन इंच पुरते. पुठ्ठ्यावर खणाचं किंवा मखमलीचं कापड चिकटवून कडेला मोती शिवले की ती वर्षानुवर्षं टिकते. सहा महिरपी म्हणजे दोन दुपारचं काम. थर्माकोल वापरू नका. २०१८ पासून महाराष्ट्रात सजावटीच्या थर्माकोलवर बंदी आहे, आणि तेलाचा हात लागला की ते दिसतंही वाईट.

एक ऐकीव नाही तर भोगलेली गोष्ट सांगते. एका वर्षी मी साबुदाणा खाण्याच्या रंगांत रंगवून, वाळवून, पुठ्ठ्यावर डिंकाने चिकटवून महिरपी केल्या. गुलाबी-हिरव्या, फार सुरेख. पाडव्याच्या दुपारी काकडीच्या कोशिंबिरीचं पाणी एका महिरपीपर्यंत पोचलं. पाच मिनिटांत गुलाबी ओघळ, पांढरं कापड आणि चिकट बोटं. जावयांनी शांतपणे विचारलं, "हेही खायचं आहे का?" तेव्हापासून जेवणाजवळ भिजणारं, विरघळणारं आणि रंग सोडणारं काहीही ठेवत नाही. डाळी, साबुदाणा, साखर हे सगळं रुखवताच्या टेबलावर, जिथे कुणी जेवत नाही.

टेबलावर रांगोळी काढू का?

पुडीतली रांगोळी नको. ती शिरगोळा नावाच्या दगडाची पूड असते. पंखा लावला की सरळ वरणात उतरते आणि दाताखाली कचकच लागते. जमिनीवरच्या पंगतीत पाटाभोवती रांगोळी शोभते, कारण तिथे पान आणि रांगोळी यांच्यात हातभर अंतर असतं. टेबलावर ते मिळत नाही.

हौस भागवायचे दुसरे मार्ग आहेत. पाकळ्यांची रांगोळी काढा, किंवा टेबलावर काच असेल तर काचेखाली कागदावर काढलेली गोपद्मं, कमळं, लक्ष्मीची पावलं सरकवा. वर कितीही सांडा, फडक्याने पुसलं की झालं. पाहुणे शिरतात त्या वाटेवर मात्र ठसठशीत रांगोळी काढा, भिंतीच्या बाजूला, नाहीतर पहिल्याच पावलात तिचा शेवट होतो.

समई टेबलावर ठेवली तर?

उंच समई टेबलावर ठेवू नका. ती जमिनीवर किंवा बाजूच्या चौरंगावर, यजमानांच्या नजरेत. वाढायला वाकणाऱ्या बाईच्या पदराची आणि ज्योतीची गाठ पडता कामा नये. ओढणीचं तर विचारूच नका.

दिवाळीत आपल्याकडे अजून उकडत असतं, म्हणजे पंखा लागणारच, आणि पंख्याखाली पणती टिकत नाही. दोनच उपाय आहेत. एक तर पणत्या काचेच्या उभट ग्लासात ठेवायच्या, तळाला थोडी वाळू घालून. किंवा जेवणाआधी दहा मिनिटं पंखा बंद, दिवे लावून सगळे फोटो काढून घ्यायचे, मग दिवे खिडकीत हलवायचे आणि पंखा सुरू. दुसरा उपाय कुणी कबूल करत नाही, पण सगळे तोच करतात.

बाकी उजेडाचं म्हणाल तर पांढरी ट्यूब बंद करून पिवळसर दिवे लावले की तूप आणि पितळ दोन्ही खुलतात. मात्र अंधुक करू नका. पंच्याहत्तरीच्या आजोबांना ताटात काय आहे ते दिसायला हवं, आणि बेत माशांचा असेल तर काटे सगळ्यांनाच.

फुलं कुठली आणि कधी आणायची?

दिवाळीत झेंडू आणि शेवंती, डोळे झाकून. दोन्ही भरपूर येतात, टिकतात, आणि दोघांचा वास जेवणाच्या आड येत नाही. निशिगंध, सोनटक्का, मोगरा यांना मी टेबलावर मज्जाव करते. मसालेभातावर तूप सोडल्यावर जो वास उठतो, त्याच्यात आणि निशिगंधात भांडण होतं. ती फुलं दारात, देवाजवळ, गजऱ्यात. उदबत्तीही जेवणाआधी विझलेली बरी.

मुंबईत दादरचा फूलबाजार आणि पुण्यात मार्केट यार्ड पहाटे गाठलं तर माल ताजा मिळतो. दसऱ्याला आणि लक्ष्मीपूजनाच्या दिवशी सकाळी भाव चढतात, म्हणून आदल्या दिवशी घ्या. सहा जणांच्या टेबलाला अर्धा किलो झेंडू पुरतो. फुलं धुऊ नका, उलटी करून झटका, आत बारीक किडे असतात. माळ ओवून कोरड्या वर्तमानपत्रात गुंडाळून फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवली की दुसऱ्या दिवशी तरतरीत निघते. सुट्ट्या पाकळ्या अगदी शेवटच्या तासाला पसरा. त्याही पांढऱ्या कापडावर ओल्या टाकू नका, पिवळे डाग पडतात.

एक गोष्ट गंभीरपणे सांगते. कण्हेर आणि पिवळी कण्हेर, म्हणजे बिट्टी, जेवणाच्या टेबलावर कधीही आणू नका. दोन्ही झाडं विषारी आहेत, फुलापानांसकट. कुंपणाला असतात, दिसायला गोड, आणि मुलं टेबलावरचं काहीही तोंडात घालतात. बाजारच्या फुलांवर फवारणी झालेली असते, म्हणून गुलाबाच्या पाकळ्याही बासुंदीवर भुरभुरू नका. त्यासाठी घरच्या कुंडीतला गुलाब किंवा मग केशर-पिस्ते.

टेबलक्लॉथ कुठला? हळदीचं काय?

हळद पडणारच आहे, हे धरून कापड निवडा. पांढरंशुभ्र लिनन फोटोत राजेशाही दिसतं आणि पहिल्या आमटीला दगा देतं. गडद हिरवं, जांभळं, डाळिंबी रंगाचं सुती कापड घ्या. खणाचा पट्टा मधोमध टाकला तर आणखी काही लागत नाही. खण उत्तर कर्नाटकातल्या गुळेदगुडचा, पण मराठी बायकांनी तो चोळ्यांसाठी इतका आपलासा केलाय की कुणी परका म्हणणार नाही. जुन्या इरकलीचे किंवा विरलेल्या पैठणीचे काठही छान दिसतात. काठ कापताना घरात एकदा विचारून घ्या. "ती साडी मी ठेवली होती" हे वाक्य सणाच्या दिवशी ऐकायला बरं वाटत नाही.

डाग पडला आणि साबण लावल्यावर तो लाल झाला तर घाबरू नका. हळदीचा रंग साबणातल्या अल्कलीने लाल होतो. धुऊन कडक उन्हात वाळत घाला, दोन-तीन उन्हांत डाग फिका पडतो. सुती कापड घ्या म्हणते ते यासाठीच.

जेवणाआधी चित्राहुती घालणारं कुणी ज्येष्ठ असेल तर त्यांच्या ताटाच्या उजवीकडे केळीच्या पानाचा लहानसा तुकडा ठेवा. नाहीतर भाताची शितं आणि पाणी थेट कापडावर जातं, आणि ते बिचारे अवघडून बसतात.

पितळेची, तांब्याची भांडी काढू का?

शोभेला जरूर काढा. वाढायला काढायची तर आतली कल्हई बघा. चिंच-गुळाची आमटी, कोकमाचं सार, ताक, कोशिंबीर असलं आंबट कल्हई नसलेल्या पितळेत कळकतं आणि ते पोटाला वाईट. कल्हईवाला आता गल्लीत येत नाही, शोधावा लागतो. पुण्यात कसबा पेठेत तांबट आळी आहे. तिथल्या कारागिरांचं मठारकाम, म्हणजे हातोडीने ठोकून उमटवलेले खळगे, दिव्याच्या उजेडात असं लखलखतं की शेजारी दुसरं काही ठेवूच नये. घासायला चिंच आणि मीठ. मात्र दोन दिवस आधी घासू नका, आदल्या रात्री घासा. दमट हवेत तांबं लगेच काळवंडतं.

कोण कुठे बसणार यासाठी नावाच्या पाट्या ठेवाव्यात का? फार साहेबी वाटतं.

पाटीऐवजी गोविंदविडा ठेवा. त्रिकोणी विडा, त्याला लवंग टोचलेली, आणि लवंगेत अडकवलेली कागदाची चिठ्ठी: "आत्या", "भाऊजी", "चिनू". जेवण झालं की विडा खायचा. नावापेक्षा नातं लिहिलेलं जास्त आवडतं, असा माझा अनुभव. विडे आधी करून ठेवलेत तर ओल्या फडक्याखाली ठेवा, पानं कडेने लगेच सुकतात. केळवण असेल तर चिठ्ठीच्या मागे एकेक प्रश्न लिहा किंवा उखाण्याचा पहिला शब्द. नवरा मुलगा घामाघूम होतो, बाकीच्यांची करमणूक होते.

फराळाचं टेबल वेगळं मांडायचं असेल तर?

फराळाची अडचण रंगाची. चकली, शंकरपाळे, करंजी, अनारसे, शेव, बेसनाचे लाडू, सगळे एकाच कुळातले बदामी. म्हणून खाली सोनेरी किंवा क्रीम रंगाचं कापड घातलंत की सगळं त्यात हरवतं. गडद हिरवं किंवा काळपट लाल घाला. उंचीचा खेळ इथे करा, कारण इथे कुणी वाढत नाही. उपडा डबा, त्यावर ताट, शेजारी पाट, त्यावर टोपली.

सगळा फराळ मात्र मांडू नका. चकली आणि चिवडा तासभर उघडे राहिले तरी सादळतात, त्यातून ऑक्टोबरचा अवकाळी पाऊस झाला तर बघायलाच नको. थोडं मांडा, डबे आत घट्ट बंद, आणि कुणीतरी भरत राहा.

काळं कापड चालतं का?

दिवाळीला घरातलं कुणीतरी नाक मुरडणारच. संक्रांतीला मात्र तोच रंग हक्काचा. काळ्या कापडावर पांढरा हलवा, तिळाच्या वड्या आणि पितळी वाट्या, याहून देखणं टेबल वर्षभरात होत नाही.

नाताळच्या जेवणाला काय करावं?

गोव्यात आणि वसईत जाऊन बघा, तिथे आपल्याच मातीतला नाताळ आहे. गोव्यातलं कुसवाराचं ताट, म्हणजे बेबिंका, दोदोल, नेवऱ्या, कलकल एकत्र मांडलेलं, ही टेबलाची सगळ्यांत मोठी शोभा. लाल-हिरव्या फिती आणि कापसाचा बर्फ कशाला हवा? डिसेंबरात शेवंती असते, नारळाच्या झावळ्या असतात, आणि बांबूच्या कामट्यांचा चांदणीचा कंदील खिडकीत लावला की झालं. मेणबत्त्या बिनवासाच्या घ्या.

माणसं पंधरा आणि खुर्च्या सहा. काय करू?

टेबल विसरा आणि पंगत घाला. सतरंजीच्या पट्ट्या, समोर पानं, पानापुढे महिरप, दोन पंगतींच्या मधे वाढणाऱ्याला अडीच-तीन फूट वाट. गुडघेदुखीवाल्यांसाठी टेबलाच्या सहा जागा राखून ठेवा, आणि तेही पंगतीच्याच खोलीत. वेगळ्या खोलीत बसवलं की ज्येष्ठांना दवाखान्यात बसल्यासारखं वाटतं. मोठ्या गर्दीत पळसाच्या पत्रावळी आणि द्रोण उत्तम, आमटी द्रोणात आणि द्रोणाखाली वाटी.

आम्ही परदेशात असतो. इथे ना केळीची पानं, ना झेंडू.

दोन्ही बहुधा मिळतील. थाई, फिलिपिनो किंवा मेक्सिकन दुकानांच्या फ्रीजरमध्ये गोठवलेली केळीची पानं असतात. रात्रभर फ्रिजमध्ये सुटू द्या, मग कोमट पाण्याने पुसा. ती ताज्यासारखी ताठ नसतात, म्हणून ताटात गोल कापून घाला. झेंडूचं म्हणाल तर तो मुळात मेक्सिकोचाच. तिथले लोक १ आणि २ नोव्हेंबरला आपल्या गेलेल्या माणसांच्या स्मरणार्थ झेंडूने वेदी सजवतात, त्यामुळे अमेरिकेत ऑक्टोबरअखेर मेक्सिकन वस्तीतल्या दुकानांत ढिगांनी झेंडू दिसतो. दिवाळी त्याच सुमारास येते. शेवंती तर तिथे शरद ऋतूचं फूल म्हणून सगळीकडे कुंड्यांतून विकतात. भाड्याच्या घरात धुराचा भोंगा असतो, तेव्हा पणत्या मोजक्या आणि भोंग्यापासून लांब. भोंगा वाजला की सगळी इमारत जेवायला येते.

हे सगळं करून मी जेवायला बसणार कधी?

म्हणून तर कामं आधीच उरकायची. आठवडाभर आधी महिरपी आणि कापड. आदल्या दिवशी फुलं, माळा, रिकाम्या ताटांची मांडणी, रात्री भांड्यांना चिंच. सकाळी पानं पुसून ओल्या फडक्यात. पाहुणे यायच्या तासभर आधी पाकळ्या आणि विडे. वाढायला सुरुवात झाल्यावर सजावटीला हात लावायचा नाही, काही वाकडं दिसलं तरीही. आणि दुसऱ्या वाढीला डाव दुसऱ्याच्या हातात द्यायचा. आमच्याकडे भात वाढण्याचं काम पुरुष मंडळींकडे आहे. मूद कधी कधी डोंगरासारखी पडते, पण बायका गरम जेवतात.

सासूबाई म्हणतात, "एवढा पसारा कशाला?"

त्यांना पान वाढायला सांगा. तुमच्यापेक्षा सरळ वाढतील, आणि मग पुढच्या वर्षी त्याच विचारतील महिरपी कुठे ठेवल्यात म्हणून.

दुसऱ्या दिवशी फुलांचं काय?

नदीत नको. केळीची पानं आणि शेवंती कुंडीच्या खतात जातात, तुकडे करून. झेंडू मात्र टाकू नका. माळ सोडवून फुलं कागदावर सावलीत वाळवा, आठ-दहा दिवसांत पाकळ्या ओढल्या की खाली काळ्या काडीसारख्या बिया सुटतात. पसरट कुंडीत पेरून वर मातीचा पातळ थर द्या. चार-पाच दिवसांत कोंब दिसतात, दोनेक महिन्यांत फूल. बाजारचा झेंडू संकरित असतो, त्यामुळे फुलं तशीच भरगच्च येतील असं नाही. माझ्याकडे गेल्या वेळी अर्धी एकेरी पाकळीची आली, पण संक्रांतीच्या हळदीकुंकवाला तबकात तीच होती.